'मुस्तफा' घरी आणायचा ठरवलं तर? रोडपालीच्या वन-बीएचकेत गेमचं मशीन बसेल, पण कायद्यात बसेल का?

नव्वदच्या दशकात किंवा दोन हजार सालाच्या आसपास जे महाराष्ट्रात शाळेत होते, त्यांना 'मुस्तफा' म्हटलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेला. त्यात निवडायला चार हिरो होते, पण आपल्याकडे सगळ्यांना हवा असायचा तो मुस्तफा कैरो, पळत येऊन उडी मारत लाथ घालणारा. इतका की पोरांनी अख्ख्या गेमचं नावच मुस्तफा करून टाकलं.

तो गेम खेळायला मिळायचा गेमच्या दुकानात. अंधारी खोली, ओळीने उभी चार-पाच लाकडी मशीनं, खिशात रुपयाचं नाणं आणि मागे उभं राहून 'अरे उडी मार, उडी मार' ओरडणारी पोरं. ती दुकानं आता जवळपास दिसत नाहीत. मोबाईल आले, सायबर कॅफे आले आणि गेले, मॉलमधले गेम झोन आले. लाकडी मशीनं भंगारात गेली.

तर आता प्रश्न असा. समजा पनवेलजवळच्या रोडपालीत वन-बीएचकेमध्ये राहणाऱ्या कुणी ठरवलं की तसंच मशीन आपण घरी बनवायचं. एक हँडल, सहा बटणं, वर दिव्याची पाटी, सगळं तसंच. जमेल का? जमेल. गेली वीस-पंचवीस वर्षं जगभरात लोक हे करतायत. पण २०२५-२६ मध्ये हे करायला बसलं की एका प्लायच्या खोक्यात तीन वेगळ्या बातम्या येऊन आदळतात. एआयमुळे महागलेली मेमरी, ऑनलाईन गेमिंगचा नवा कायदा आणि कॉपीराईट. म्हणून हा विषय नुसत्या हौशीचा राहत नाही.

आधी मशीन समजून घेऊ

रोडपाली हे ठिकाण या कामाला तसं सोयीचं आहे. सिडकोच्या आखणीत कळंबोलीला लागून गेलेलं गाव. एका बाजूला कळंबोलीचा लोखंड बाजार, दुसऱ्या बाजूला तळोजा एमआयडीसी. अँगल, स्क्रू, पत्रा, वेल्डिंगवाला, सुतार यातलं काहीही शोधायला लांब जावं लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान ऑनलाईन मिळतंच. बघून घ्यायचं असेल तर मानसरोवर स्टेशनवरून हार्बर पकडायची आणि गाड्या बदलत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा.

जुन्या दुकानातल्या मशीनच्या पोटात एक मोठा सर्किट बोर्ड असायचा, ज्यावर गेमच्या चिप बसवलेल्या असायच्या. १९८५ नंतर बऱ्याच कंपन्यांनी 'जॅमा' नावाचं एकच ५६ पिनांचं कनेक्शन वापरायला सुरुवात केली. त्यामुळे दुकानदाराला नवा गेम आणायचा तर पूर्ण मशीन बदलायची गरज उरली नाही. जुना बोर्ड उपसायचा, नवा खुपसायचा. लाकडी खोका, पडदा, बटणं तीच. म्हणून एकाच मशीनवर या महिन्यात मुस्तफा आणि पुढच्या महिन्यात 'किंग ऑफ फायटर्स ९७' दिसायचा. बाहेरच्या पाटीवरचं चित्र मात्र कुठल्या तिसऱ्याच गेमचं असायचं.

घरच्या मशीनमध्ये त्या बोर्डाच्या जागी येतो एक छोटा कॉम्प्युटर आणि त्यावर चालणारा एम्युलेटर. एम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. यातलं सगळ्यात नावाजलेलं 'मेम', जे इटलीच्या निकोला साल्मोरियाने १९९७ मध्ये सुरू केलं आणि २०१६ पासून पूर्ण ओपन सोर्स आहे.

बटणांचं गणित लोकांना वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. प्रत्येक बटणाखाली एक मायक्रोस्विच असतो. त्याची एक वायर एन्कोडर नावाच्या छोट्या बोर्डला, दुसरी सगळ्या बटणांना माळेसारखी जोडत जाणारी कॉमन वायर. एन्कोडर यूएसबीने कॉम्प्युटरला लावला की कॉम्प्युटरला वाटतं गेमपॅड जोडलाय. हँडलमध्येही चार दिशांचे चार स्विचच असतात. फक्त एक गोष्ट विकत घेताना बघावी लागते. मुस्तफाला आठ दिशांचं हँडल लागतं, पॅकमॅनला चार दिशांचं. आठ दिशांच्या हँडलवर पॅकमॅन कोपऱ्यावर अडखळतो आणि खेळणारा उगाच स्वतःला दोष देतो.

लाकूडकामात बहुतेकांचा घोळ होतो. पहिली चूक एमडीएफ वापरण्याची. ते कापायला मऊ आणि स्वस्त, पण ओल लागली की फुगतं. पनवेलचा पावसाळा ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. १८ मिलीमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय महाग पडतो, पण टिकतो. आठ बाय चारचे दोन बोर्ड साधारण एका उभ्या मशीनला पुरतात. बाजूच्या पॅनलचा आकार आधी पुठ्ठ्यावर किंवा वर्तमानपत्र चिकटवून पूर्ण मापात कापावा, भिंतीला लावावा आणि समोर उभं राहून हात ठेवून बघावा. बटणांची फळी जमिनीपासून साधारण तीन फुटांवर येते. खेळणारी पोरं लहान असतील तर आणखी खाली. हे न बघता थेट सुताराला फोटो दाखवला की तो चांगलं, मजबूत आणि अर्धा फूट उंच कपाट बनवून देतो. आणि दाराची रुंदी मोजायची राहिली असेल, तर ते कपाट जिन्यातच राहतं.

बटणांची भोकं बहुतेक २८ किंवा ३० मिलीमीटरची असतात. म्हणून आधी बटणं हातात घ्यायची, मग होल सॉ आणायचा. उलट केलं तर बटण एकतर जाणार नाही किंवा डुगडुगणार.

पडद्याबद्दल एक युक्ती. मुस्तफासारखे गेम चौकोनी पडद्यासाठी बनले होते, चारास तीनच्या प्रमाणात. आजच्या रुंद मॉनिटरवर तो ताणला की मुस्तफा जाडा दिसतो. त्यापेक्षा ऑफिसातून बाहेर पडलेला जुना चौकोनी एलसीडी मॉनिटर सेकंड हँड घेतला तर स्वस्तही पडतो आणि चित्रही नीट दिसतं.

इथे अनेकांना मोह होतो की अस्सल जुनी पिक्चर ट्यूबच लावू, तो जुना झगमगाट येईल. ज्याने कधी टीव्ही दुरुस्त केलेला नाही त्याने हा मोह आवरलेला बरा. सीआरटी ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही ती बराच वेळ चार्ज धरून ठेवते. काचेत शिसं असतं, फुटली तर कचऱ्यात टाकून चालत नाही. ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून नव्याने लागू झालेत आणि त्यानुसार ती नोंदणीकृत रिसायकलरकडेच गेली पाहिजे. भंगारवाला तांबं काढून ट्यूब कुठे टाकतो हे आपल्याला दिसत नाही, एवढंच.

एआयचा आणि या खोक्याचा काय संबंध?

२०१२ मध्ये 'रास्पबेरी पाय' हा क्रेडिट कार्डएवढा कॉम्प्युटर ३५ डॉलरला आला. विद्यार्थ्यांनी कोडिंग शिकावं म्हणून बनवलेला, पण लोकांनी त्यात गेम घातले. घरगुती आर्केडची लाट खऱ्या अर्थाने त्यानंतर पसरली, कारण तो स्वस्त होता, बिघडला तर जीव हळहळायचा नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने किंमती वाढवल्या. 'पाय ५'चं १६ जीबीचं मॉडेल त्याच वर्षी जानेवारीत १२० डॉलरला आलं होतं, ते १४५ वर गेलं. कारण दिलं मेमरी चिपच्या वाढलेल्या दराचं. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते, आणि ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजून तीन, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी आपलं उत्पादन जास्त नफ्याच्या एआय चिपकडे वळवलं. मायक्रॉनने तर त्याच महिन्यात सामान्य ग्राहकांसाठी असलेला 'क्रूशियल' ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत कुणीतरी चॅटबॉटसाठी डेटा सेंटर उभारतो आणि रोडपालीत कुणाचं तरी खेळण्याचं बजेट कोलमडतं, असा हा प्रकार.

पण यात घाबरण्यासारखं फार नाही. मुस्तफाचं मूळ मशीन मोटोरोला ६८००० या प्रोसेसरवर चालायचं, जो १९७९ सालचा. त्याची नक्कल करायला १६ जीबी तर सोडाच, १ जीबीही खूप झाली. कार्यालयातून निघालेला दहा वर्षं जुना डेस्कटॉप हे काम आरामात करतो आणि खोक्यात जागा भरपूर असते. 'पाय'च हवा हा अट्टहास निव्वळ फॅशन आहे.

आता कायदा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाईन गेमिंगचा कायदा आला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत विषय संपला. मुंबईच्या ड्रीम ११ ला पैशांच्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं नावही गेलं. तेव्हापासून 'गेमिंगवर बंदी आलीये' असं वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं. ते तसं नाही.

कायदा बंदी घालतो ती 'ऑनलाईन मनी गेम'वर. म्हणजे पैसे भरायचे आणि बदल्यात पैसे किंवा तत्सम काही जिंकण्याची अपेक्षा ठेवायची. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. घरातल्या मशीनला इंटरनेटची गरज नाही आणि त्यातून पैसे मिळत नाहीत. त्यामुळे हा कायदा त्याला लागूच होत नाही.

पण मशीन घराबाहेर काढलं की गोष्ट बदलते. रोडपालीच्या एखाद्या गाळ्यात दोन मशीनं ठेवली आणि दहा रुपयांत एक लाईफ असं सुरू केलं तर?

इथे १९५१ चा महाराष्ट्र पोलीस कायदा येतो. त्यातल्या 'सार्वजनिक करमणुकीचं ठिकाण' या व्याख्येत बिलियर्ड रूम आणि सर्कसपासून पोहण्याच्या तलावापर्यंत सगळं आहे. व्हिडिओ गेमचं नाव नाही, कारण तेव्हा तो जन्मालाच आला नव्हता. पण पैसे घेऊन लोकांना आत सोडलं जातं आणि आत कोणताही खेळ आहे, एवढं असलं की ती व्याख्या लागू पडते. म्हणजे परवान्याचा विषय आला, आणि रोडपालीसाठी तो नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे जातो. जुन्या दुकानांना तर मशीनमागे करमणूक शुल्कही लागायचं, जे २०१७ मध्ये जीएसटीत विलीन झालं.

गेमच्या दुकानाकडे पोलीस इतक्या संशयाने का बघतात, याचं उत्तर १९९५ च्या एका निकालात आहे. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य. कर्नाटक आणि तामिळनाडूतल्या व्हिडिओ गेम पार्लरवाल्यांचं म्हणणं होतं की आमच्यावर परवान्याची सक्ती करू नका, हा साधा धंदा आहे. सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं नाही. कारण त्या प्रकरणातल्या मशीनमध्ये पोकर, ब्लॅकजॅकच्या धर्तीचे गेम होते आणि कोर्टाने हेही लक्षात घेतलं की मशीनमध्ये छेडछाड करून खेळणाऱ्याची जिंकण्याची शक्यता कमी करता येते. बाहेरून मुलांचा गेम, आतून जुगार.

ही भीती खोटी नाही. 'व्हिडिओ गेम पार्लरच्या नावाखाली जुगार' ही बातमी महाराष्ट्रात आजही अधूनमधून छापून येते. पण त्याचा फटका असा बसला की मुस्तफाचं मशीन आणि पत्त्यांचं मशीन लोकांच्या नजरेत एकच झालं. आई-वडील गेमच्या दुकानात जाऊ देत नसत, त्यामागे अभ्यास होताच, पण ही बदनामीही होती.

यात एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे जुगाराचा मूळ कायदा १८८७ चा, आणि त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. शिवानी प्रकरणातही कौशल्य की नशीब यावर बराच खल झाला. २०२५ च्या कायद्याने ऑनलाईनपुरता तो वादच मोडीत काढला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून पैसे जिंकायचे असतील तर बंद. त्यामुळे आज चित्र असं आहे की सोसायटीच्या हॉलमध्ये एकाच मशीनवर दोघांनी समोरासमोर खेळून ट्रॉफी जिंकली तर जुना कायदा बघायचा, आणि तेच इंटरनेटवर पैसे लावून केलं तर नवा. 

या सगळ्यापेक्षा जास्त गंभीर भाग आगीचा आहे. २५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये आग लागली आणि २७ जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलंही होती. पत्र्याची शेड, आत वेल्डिंगचं काम सुरू, इंधन साठवलेलं आणि अग्निशमन दलाचं ना हरकत प्रमाणपत्र नाही. परवाना, जुगार, कर यांवर कागद रंगवले जातात, पण मुलं मेली ती वायरिंग, पत्रा आणि बंद वाट यांच्यामुळे. घरच्या मशीनलाही हे लागू आहे. प्लायच्या बंद खोक्यात पॉवर सप्लाय तापतो. मागे हवेची भोकं, एक छोटा पंखा, तीन पिनचा अर्थिंग असलेला प्लग आणि लाकडाला न टेकणारी सप्लायची पेटी, याचा खर्च वरच्या दिव्याच्या पाटीपेक्षा कमी येतो. तरी लोक आधी पाटीच बनवतात.

गेम कुठून आणायचा?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. मशीन तयार झालं, मेम चढवलं. गेम?

एम्युलेटर बनवणं किंवा वापरणं हा गुन्हा नाही. पण गेमची फाईल, जिला रॉम म्हणतात, ती कुणाच्या तरी मालकीची असते. भारतात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखं संरक्षण आहे. सगळ्यात कमी हिशोब धरला, म्हणजे प्रकाशनापासून ६० वर्षं, तरी १९८० चा पॅकमॅन २०४० च्या आधी मोकळा होत नाही. १९९३ चा मुस्तफा २०५३ पर्यंत. ऑनलाईन विकल्या जाणाऱ्या 'दहा हजार गेम लोडेड' कार्डांवर जे असतं त्याचे पैसे गेम बनवणाऱ्यांना जात नाहीत. आपल्या जुन्या दुकानांतही कॉपी बोर्डांचा सुळसुळाट होताच, त्यामुळे ही परंपरा नवी नाही.

मग विकत घ्यावा? बाकीचे बरेच गेम मिळतात. कॅपकॉम स्वतः 'आर्केड स्टेडियम' नावाने जुने गेम विकते. पण त्यात मुस्तफा नाही. २०१८ मध्ये कॅपकॉमने याच जातीच्या, रस्त्यावर मारामारी करत पुढे जाण्याच्या गेमचा गठ्ठा काढला. त्यातही नाही. कारण हा गेम मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या अमेरिकन कॉमिकवर बेतलेला आहे आणि नावात कॅडिलॅक आहे, जो जनरल मोटर्सचा ब्रँड. म्हणजे पुन्हा विकायचा तर कॅपकॉमने एकट्याने ठरवून भागत नाही.

थोडक्यात, भारतातल्या एका पिढीने जो गेम सगळ्यात जास्त खेळला तो आज कायदेशीरपणे विकत घ्यायला दुकानच नाही. ज्याला पैसे द्यायचेत त्यालाही ते कुणाला द्यावेत हे कळत नाही. पायरसी वाईट हे म्हणणं ठीक, पण इथे चोरीला पर्याय काय, हे मालकांनीही सांगायला हवं.

भारतीय कॉपीराईट कायद्यात याला एक खिडकी आहे. कलम ३१. मालक एखादी कृती पुन्हा प्रकाशित करायला नकार देत असेल आणि त्यामुळे ती लोकांपासून दूर राहत असेल, तर मोबदला ठरवून सक्तीचा परवाना मागता येतो. आधी हे फक्त भारतीय कृतींपुरतं होतं, २०१२ च्या दुरुस्तीने ती अट गेली. पण त्यासाठी आधी परवानगी मागावी लागते, नकार मिळावा लागतो आणि मग कोर्ट गाठावं लागतं. वन-बीएचकेतल्या एका खोक्यासाठी हे कोण करणार? एखाद्या कंपनीने किंवा संग्रहालयाने केलं तर गोष्ट वेगळी.

तोपर्यंत सरळ मार्गाने जाणाऱ्यांसाठी काही पर्याय आहेत. मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर 'ग्रिडली', 'रॉबी रोटो' असे काही जुने आर्केड गेम मालकांच्या परवानगीने, धंदा न करण्याच्या अटीवर मोफत मिळतात. डेस्कटॉप वापरला असेल तर कॅपकॉमचे विकत घेतलेले संच त्याच बटणांवर चालतात, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तो साधा गेमपॅड आहे. आणि घरात कोडिंग शिकणारं कुणी असेल तर स्वतःचा गेम बनवून त्यावर चढवता येतो. त्याला कुणाचीच परवानगी लागत नाही.

राहिली नाण्याची फट. ती लावावी का, यावर घरगुती मशीन बनवणाऱ्यांत कायम दोन गट असतात. बाजारात १२ व्होल्टवर चालणारे कॉईन ॲक्सेप्टर मिळतात, त्यांना नमुन्याची नाणी दाखवून ओळख करून द्यावी लागते. आपल्याकडे रुपयाच्या नाण्याचा आकार आणि वजन इतक्या वेळा बदललंय की एका नाण्याला ओळखणारं यंत्र दुसऱ्याला परत थुंकतं. त्यामुळे बरेचजण टोकन वापरतात, किंवा फटीच्या जागी एक बटण लावतात, दाबलं की एक क्रेडिट. घरच्या पोरांनी घरच्या मशीनमध्ये टाकलेला रुपया घरातच राहतो, त्याला परवाना लागत नाही. शेजारच्या पोरांकडून घ्यायला सुरुवात केली की वर सांगितलेला १९५१ चा कायदा पुन्हा वाचावा लागेल.